बाहेरच्या घरातली चूल

गावात कुणाला घर बदलायचं असलं की तो आधी बू मालसूनला विचारायला यायचा. विचारण्यासारखं खरं तर काही नव्हतं. ऐन थंडीत जुने देव आपला कारभार आटोपून वर जातात, नवे अजून उतरलेले नसतात. तेवढे मोजके दिवस कोरियातल्या जेजू बेटावर बिऱ्हाडं हलवायची. एरवी भाताचं भांडंसुद्धा एका उंबऱ्यातून दुसऱ्या उंबऱ्यात न्यायचं नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मालसूनच्या तोंडून ऐकलं की माणसं निश्चिंत व्हायची. सोलहून आलेल्या एका जोडप्याने भर उन्हाळ्यात ट्रकभर सामान उतरवलं, तेव्हा ही बाई ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली होती. जोडपं हसलं. वर्षाच्या आत त्यांचं कॉफीचं दुकान बुडालं. कॉफी वाईट होती म्हणून बुडालं, असं मालसूनचा मुलगा म्हणायचा. पण तो सोलला राहायचा, त्याचं कोण ऐकतं.

तर अशा या बाईने लसणाच्या काढणीत एक परका माणूस आपल्या बाहेरच्या घरात आणून ठेवला.

तिच्या अंगणात दोन घरं होती. आतल्या घरात ती एकटी राहायची. समोरचं बाहेरचं घर मुलाचं, त्याची चूल वेगळी. मुलगा सोलला गेल्यापासून ती चूल थंडच होती. त्या साली येमेन नावाच्या देशातून, लढाईतून पळालेली काहीशे माणसं बेटावर उतरली. इथे यायला परवाना लागत नव्हता म्हणून आली, आणि मग सरकारने त्यांना बेट सोडायची मनाई केली. जवळचे पैसे संपले तशी ती बागेत नि समुद्राच्या कडेला झोपू लागली. मालसून लसणाची पोती आणायला शहरात गेली होती. तिथे भिंतीच्या आडोशाला एक तरुण बूट उशाला घेऊन झोपलेला तिने पाहिला. बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून माणूस असा झोपतो, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. ती पुढे गेली, परत आली, पुन्हा पुढे गेली. शेवटी तिने त्याला पायाने हलकेच ढोसलं आणि लसूण उपटल्याची खूण करून दाखवली.

त्याचं नाव वद्दाह. आपल्या गावी तो घड्याळं दुरुस्त करायचा. लसूण असा उपटायचा की जणू कुणाचा दात काढतोय आणि त्याला दुखेल. मालसून हसायची, मग ओरडायची, मग स्वतः करून दाखवायची.

देवांचा बंदोबस्त तिने नीट केला होता. झोपायचं बाहेरच्या घरात, जेवायचं आपल्याकडे. नुसता झोपतो तो पाहुणा, पाहुण्याने देव चाळवत नाहीत. चूल पेटली की मात्र ते बिऱ्हाड झालं. एवढा सगळा हिशोब तिने मनाशी केला, आणि तो वद्दाहला सांगायचा तेवढा विसरली.

एका संध्याकाळी ती शेतावरून कंबर धरत आली तर बाहेरच्या घरातून वाफ निघत होती. पोराने बाजारातून भांडं आणलं होतं, मसुरीचा भात शिजवला होता, जमिनीवर फडकं अंथरलं होतं. रोज ही बाई आपल्याला घालते, एक दिवस आपण घालावं, एवढंच त्याच्या मनात. चूल पेटली होती, बिऱ्हाड झालं होतं. तरी ती बसली आणि जेवली. वर दुसऱ्यांदा मागून घेतलं, हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या यांग चुनोकचा नवरा दगडी कुंपणावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला.

मग काय. मसुरीचा वास भिंतीपलीकडे गेलाच होता. गावप्रमुख ह्यन ग्वानशिकने सभा बोलावली. त्या माणसाला गावात राहू द्यायचं की नाही, एवढाच विषय. गावाने नको म्हटलं की तो पुन्हा भिंतीच्या आडोशाला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सभेच्या सकाळी मुलाचा फोन आला. परदेशी लोकांना परत पाठवा म्हणून सोलमध्ये सह्या चालल्या होत्या. तो म्हणाला, आई, लाखोंनी केल्यात, मीही केली, उगाच हट्ट करू नकोस. मालसून म्हणाली, तुझं अक्षर लहानपणापासून सुंदर आहे. आणि फोन ठेवला.

गावच्या सभागृहात माणसं मांडी घालून बसली होती. पंखा फिरत होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ग्वानशिक समजूतदारपणे बोलला. आपण काही वाईट माणसं नाही, आपला देश आता श्रीमंत आहे, तेव्हा सरकारने यांचं काहीतरी करावं. पण ते सरकारने करावं, आपण मतं त्यासाठीच देतो. या गावावरच का?

"मत देऊन आलं की हात धुतले जातात, हे मला ठाऊक नव्हतं," मालसून म्हणाली.

चुनोक उठली. चाळीस वर्षं दोघी एकमेकींच्या शेतात राबल्या होत्या.

"अगं मालसून, दुसऱ्याच्या सामानाला आडवी येणारी तू. चूल तुझ्या घरात पेटली आणि हाड माझ्या नवऱ्याचं मोडलं. बरं, ते राहू दे. माझी नात रोज तुझ्या फाटकावरून बसला जाते. तो माणूस कोण, कुठला, तुला तरी माहीत आहे? उद्या काही झालं तर तू काय करशील, सांग."

खुब्याचं तर मालसूनलाही खरंच वाटत होतं. दोघातिघांनी मागून म्हटलं, आता मत घ्या. ग्वानशिक उठू लागला तेव्हा तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"ग्वानशिक, आपल्याच सैन्याने गाव जाळलं त्या साली तुझे वडील ओसाकाला पळाले. कोणत्या महिन्यात रे?"

"शरदात. का?"

"देव वर गेले होते का तेव्हा?"

"मुहूर्त बघून कोण पळतं, मावशी?"

"तेच म्हणते मी. आणि तिथे पहिला भात कुणी घातला त्यांना?"

ही गोष्ट त्याच्या घरी वडिलांच्या दर श्राद्धाला सांगितली जायची. सगळ्या गावाने ऐकली होती. एका जपानी खानावळवालीने त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवलं होतं. ग्वानशिक चिडला. म्हणाला, ते वेगळं, ते आपले लोक होते.

"तिचे नव्हते ना," मालसून म्हणाली.

ग्वानशिक पाणी प्यायला आणि सभा चालवायची म्हणून मत पुकारलं. तो माणूस बाहेरच्या घरातून निघावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

सगळ्यात पहिला हात मालसूनचा वर गेला.

लोक बघतच राहिले. मग ती सावकाश उठली. चूक माझी आहे, म्हणाली. देव नसताना हलवायचं ते मी देव असताना हलवलं. ती चूल आजच विझेल. पोरगा माझ्या घरात येईल, माझ्या चुलीवरचं खाईल, माझ्या बाजूच्या खोलीत झोपेल. त्यात ना भांडं हललं ना बिऱ्हाड. गावाने बाहेरच्या घराचा निकाल दिला, तो मला मान्य. पण बू मालसूनच्या पानाशेजारी कोण बसतो यावर हात वर करायची रीत या गावात अजून आलेली नाही.

ग्वानशिक मान खाजवत म्हणाला, ठराव मंजूर. आपण काय मंजूर केलं ते त्यालाही नीट कळलं नसावं. दोघेजण रागाने उठून गेले.

"या वयात जवान पुरुष घरात घेतेस? लोक काय काय बोलतील," चुनोक म्हणाली.

"बोलू देत. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं," मालसून म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुझ्या नातीचं तू विचारलंस, ते बरोबर विचारलंस. मी रोज तिला बसपर्यंत सोडत जाईन."

चुनोक चपला शोधायला वळली.

मालसून काही देवी नव्हती. पहिल्या रात्री तिने कोयता उशाखाली ठेवला होता. भिंतीपलीकडे तो पोरगा झोपेत रडायला लागला तेव्हा तिला कोयत्याची लाज वाटली, पण काढला नाही. पोरगा डुक्कर खात नव्हता म्हणून त्या मटणाचं पातेलं तिने वर फळीवर टाकलं आणि महिनाभर पातेल्याकडे बघून उसासे टाकले. सरकारचा निकाल यायचा होता. राहू देतील की पाठवतील, कुणालाच माहीत नव्हतं.

पण सभेनंतरच्या पहिल्याच सकाळी ती चुनोकच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं नाही. नातीला मागच्या वाटेने पाठवलं होतं. बस गेल्याचा आवाज आला तशी ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुन्हा तेच. शेतावर लसूण वाळत पडला होता, वद्दाह एकटाच जुड्या बांधत होता, संध्याकाळी तिच्याच चुलीवर मसूर शिजवत होता, आणि ही बाई रोज शेजारणीच्या फाटकाशी उभी. येणारेजाणारे बघायचे. कुणी म्हणायचं, मावशी, वेड लागलं का. ती म्हणायची, अजून नाही, लागलं की कळवीन.

एके दिवशी पाऊस होता. मालसून छत्री घेऊन उभी होती. दार उघडलं आणि नात बाहेर आली. पाठोपाठ चुनोक आली. नातीचं दप्तर तिने मालसूनच्या हाती दिलं नाही, स्वतःच्याच खांद्याला अडकवलं, नातीला दोघींच्या मधे घेतलं आणि समोर बघत चालू लागली.

स्टॉपवर पोचल्यावर चुनोक रस्त्याकडे बघत म्हणाली, "तो मसुरीत घालतो काय गं? वास घरभर येतो."