नवाबचं आजोळ

माणसाची मुळं उकरून काढण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात धरणारा अख्ख्या नांदेडात कुणी सापडायचा नाही. आयुष्यभर त्यांनी हौसेनं सोयरिकी जुळवल्या. त्यामुळे समोरच्याचं गाव, आजोळ आणि पाव्हणे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. गॅसची टाकी घेऊन आलेल्या गड्याला त्यांनी एकदा दारातच उभं करून विचारपूस केली. तो त्यांच्या चुलत साडूचा भाचा निघाला, तेव्हाच त्याची सुटका झाली. टाकी तोवर बिचाऱ्याच्या खांद्यावरच होती!

अशा माणसाच्या दारात एक कुत्रं येऊन बसलं. ना गाव सांगेना, ना आजोळ. काका कासावीस! शेवटी त्यांनीच त्याचं नाव नवाब ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं खानदान ऐकवायला सुरुवात केली. "कान बघा, जर्मन हाय. कंबर रामपूरच्या शिकारी कुत्र्याची. अन् भुंकणं तर निव्वळ विलायती." विलायती भुंकणं म्हणजे काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला ते भोकरच्या बसस्टँडवरचंच वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

एक दिवस नवाबनं गच्चीवर वाळत घातलेल्या काकूंच्या कुरडया फस्त केल्या आणि प्रकरण चिघळलं. काकूंनी सुनावलं, "लई खानदान सांगून राहिले ना? सिद्ध करून दाखवा. न्हाई तर उमरीला सोडून या त्याला." काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पुण्यातल्या मुलाला फोन लावला. मुलानं कुत्र्याच्या डीएनए तपासणीचं सामान घरपोच पाठवलं. गालाच्या आतून काडी फिरवायची आणि डबीत घालून प्रयोगशाळेला धाडायची, एवढंच काम. पण काकांच्या लेखी ही खानदानाची बोलणी, आणि तोंड गोड केल्याशिवाय बोलणी सुरू कशी व्हायची? त्यांनी नवाबला आधी पेढा भरवला, मग काडी फिरवली. नमुना खराब आहे, पुन्हा पाठवा, असं प्रयोगशाळेनं कळवलं. दुसऱ्या खेपेला नवाबला थोडा वेळ उपाशी ठेवायचं होतं, तर काकाही त्याच्यासोबत उपाशी बसले. म्हणाले, "एकट्यानं कसं ऱ्हाईल ते?"

निकाल मुलानं फोनवर वाचून दाखवला. फोन मोठ्या आवाजात लावला होता आणि मी तिथंच होतो. जर्मन नाही, रामपूर नाही, विलायतेचा तर वासही नाही. नवाब अस्सल गावठी! काका उठले, खुंटीवरची साखळी घेतली, पण तिचा आकडा काही त्यांना पट्ट्यात अडकवता येईना. मला इतकं वाईट वाटलं, की माझ्याच घरच्या कुरडया काकूंना आणून द्याव्यात असं मनात आलं.

काकू दारात आल्या. "म्हंजे ह्याच्यात बाहेरचं कुणीच न्हाई?"

"न्हाई," काका म्हणाले.

"आजा-पणजा समदे इथलेच?"

"हाव."

काकूंनी काकांच्या हातातली साखळी काढून घेतली. "आपली पोरं तर समदी बाहेरची झाली. हे एक तरी इथलं हाय, तर त्याला कुठं सोडून येता?"

त्या आत गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. नवाब शेपूट हलवत खायला लागला. फोन अजून चालूच होता. पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, मी बी तिथलाच हाय की."