सारजाबाई आधी जेवल्या

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी सुपात तशीच पडली होती. वडगाव रासाईच्या सारजाबाई ती टाकून उठल्या, कारण दारात आशा सेविका सुवर्णाताई उभ्या होत्या आणि आज त्या हसत नव्हत्या.

ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं ते एवढंच. सुनेला, तेजश्रीला सहावा महिना लागलाय, आणि दोन महिन्यांत तिचं वजन पाव किलोनंसुद्धा वाढलेलं नाही. असंच चाललं तर बाळ हडकुळं जन्मेल.

सारजाबाईंना ते लागलं. घरात दुभती म्हैस, डब्यात डिंकाचे लाडू. दोन जिवांची हायेस, दुप्पट खा, असं त्या सुनेला रोज बजावत होत्या. सुवर्णाताई म्हणाल्या, दुप्पट कशाला, मावशी? रोजच्या जेवणावर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे. पण वेळच्या वेळी.

त्या गेल्यावर सारजाबाईंनी डबा उघडला. लाडू जसेच्या तसे.

सारजाबाईंचा एक नेम होता. आधी देवाला नैवेद्य, मग नवरा हौसराव, मग आपण. एकतीस वर्षांत तो मोडला नव्हता. सध्या ऊसतोड चालू, हौसराव फडावरून यायला तीन वाजत. गुरुवारी तर सारजाबाईंचा दिवसभर उपास. सुनेला "तुझं तू खात जा" म्हटलं की त्या मोकळ्या.

त्यांनी तेजश्रीला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही उपाशी, आत्या. मी कशी ताट ओढू? सासूच्या आधी घास घ्यायचा न्हाई, असं आईनं सांगूनच पाठवलंय."

सारजाबाई देवापुढं जाऊन बसल्या. पोटातलं लेकरूही त्याचंच. त्याला उपाशी ठेवून कसला नेम पाळायचा? गुरुवारचा उपास त्यांनी बाळंतपण होईतो दत्ताकडंच ठेवायला दिला.

दुसऱ्या दिवशी अकराला नैवेद्य झाला आणि त्यांनी दोन ताटं वाढली. पहिला घास घेताना चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्यांचा हात थांबला की सुनेचाही थांबे. म्हणून त्या जेवत राहिल्या.

आठवड्यात एकदा हौसराव लवकर आले. दोघींना जेवताना बघून दारातच थबकले.

"आमच्यासाठी काही राखलंय का?"

"झाकून ठेवलंय. घ्या वाढून," सारजाबाई म्हणाल्या आणि उसळ संपवूनच उठल्या.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीतला काटा पावणेदोन किलोनं पुढं सरकला. सुवर्णाताईंनी कार्डावर आकडा लिहिला आणि आता खाडा नको म्हणून बजावलं.

घरी येऊन सारजाबाईंनी तेजश्रीला जेवू घातलं, आपणही जेवल्या. मग पदर सारखा करून त्या शेजारच्या गीताबाईंकडं हेच सांगायला निघाल्या; त्यांच्या सुनेला चौथा महिना लागला होता.