वीस-पन्नास मागणारी कारभारीण

ऑइलच्या दुकानात माझ्याशी कोणी बोलत नसे. तीस वर्षं डायव्हरकी केलेला माणूस मी, पण दुकानदार माझ्या खांद्यावरून मागं बघायचा आणि विचारायचा, "मावशी, काय देऊ?" मावशी म्हणजे माझी बायको. मी तिला कारभारीण म्हणायचो. तिला गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण घट्ट ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे तिनं पाठ केले होते, वीस आणि पन्नास. त्यावर बोट ठेवून म्हणायची, "ह्योच. दुसरा दावू नगंस."

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. ती जाऊन आठ महिने झाले. संसारात तिचं मी फार कमी ऐकलं, हे खरं आहे, लपवत नाही. शेवटी तिनं एकच मागणं मागितलं होतं, मला दवाखान्यात मरू देऊ नका, घरी न्या. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो.

गाडी मूळची माझ्या मालकांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा जुनी मी घेतली. कुंभारीला आमच्या दारात आली तेव्हाच ती वीस वर्षांची होती. गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवायला सोलापुरात नेली, तर कारभारीण सोबत आली आणि माझ्या आधी हिनंच विचारलं, हिला काय काय लागतं म्हणून. मिस्त्री म्हणाले, "भाभी, इंजन बुढ्ढा हुआ. अंदर घिस गया. उसको गाढा तेल होना, पतला डाले तो टिकताच नै." त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, गुडघ्यातलं वंगण कमी झालंय. परत येताना म्हणाली, "माज्या गुडघ्यावानी हाय की तिचं. जपाया पायजे."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, मला बॉनेट उघडायला लावायची. ऑइल मोजायची पट्टी ओढायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायची, परत बुडवून बघायची. मग ऑइल दोन बोटांत चोळून वास घ्यायची. मी ओरडायचो, "हात धू, भाकरीला वास लागंल." ती म्हणायची, "लागू द्या. डायव्हरचं घर हाय, अत्तराचा वास कुटनं येनार?"

एकदा तिचे गुडघे आखडले म्हणून मी एकटाच दुकानात गेलो. नवा विक्रेता होता. म्हणाला, "काका, हे घ्या. पातळ आहे, पूर्ण सिंथेटिक. गाडी पळेल." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुकानात कोणीतरी मला विचारलं होतं. घेतलं. सोमवारी तिनं बोटावर धरलं आणि माझ्याकडं बघितलं. "ह्ये काय वतलंसा? पान्यावानी पळतंय की."

"नवीन आलंय. गाडी पळती त्येनं."

"पळवायची कुनाला? टिकवायची हाय."

"डायव्हर मी हाय का तू?"

ती गप्प बसली. गप्प बसली की ती बरोबर असायची, हे मला ठाऊक होतं. पुढं गाडीखाली थेंब पडायला लागले, मागनं निळा धूर यायला लागला. ती दाखवायची, मी म्हणायचो, जुनी गाडी धूर टाकतेच.

महिन्याभरानं आम्ही तिच्या बहिणीकडं मंद्रूपला निघालो. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी जागेवर चालू ठेवून उभा राहिलो. समोर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"अवं, दिवा लागला."

"वायरीचा दोष हाय त्यो."

तिनं हात लांब केला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पोलक्यात टाकली. मेंढरं गेली, मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मी तिला नको ते बोललो. ती म्हणाली, "आदी पट्टी बघा. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या." पट्टी काढली. टोकालासुद्धा ऑइल लागलं नव्हतं. फोन केल्यावर मिस्त्री डबा घेऊन आले. म्हणाले, "और दो किलोमीटर चलाते, तो इंजन जाम."

मी तिला चुकलो म्हणून म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी वीस-पन्नास आणलं आणि डबा चुलीजवळ तिला दिसेल असा ठेवला. तिनं बघितला. त्या दिवशी माझ्या चहात साखर जास्त पडली.

मग तिचे पाय सुजायला लागले. मी म्हणालो, चालून सुजले असतील. तिथंही मीच उशीर केला. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूरला न्यायचो, दीड वर्ष. गाडीनं एकदाही वाटेत दगा दिला नाही. बाजूच्या सीटवर बसून ती दर खेपेला तेच सांगायची, "तितं ठिवू नगा मला." मी खेकसायचो, "तसलं बोलू नको."

एके दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता शरीर साथ देत नाही, अतिदक्षता विभागात ठेवू, पण आशा धरू नका. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तिथंच ठेवा. घरी नेऊन काय करणार तुम्ही?" चुकीचं बोलत नव्हता. मला तरी काय येतंय? मी कॉटजवळ गेलो. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मी तिला घरी न्यायच्या कागदावर सही केली.

ॲम्ब्युलन्स नको म्हणाली. "आपल्याच गाडीत." सीट मागं पाडून तिला निजवलं. डोळे मिटूनच तिनं विचारलं, "पट्टी बघितली?"

"बघितली. भरलंय."

"मग चला."

वीसच्या वेगानं आणली. ट्रकवाले शिव्या देऊन पुढं जात होते, जाऊ दिले. दारात आलो तर शेजारच्या बायका पुढं झाल्या. ती म्हणाली, "थांबा. गाडी जरा चालू असू द्या." मी त्यांना हातानं थांबवलं. भर दुपारी, इंजिन चालू ठेवून, आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग म्हणाली, "आता उतरवा."

मुलगा दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आला. माझ्यावर चिडला होता, बोलत नव्हता. तिनं त्याला भाकरी खायला लावली. स्वतः नुसती बघत होती. चार दिवस ती आमच्यात होती. माणसं ओळखत होती, सुनेला मिठाचा डबा कुठं आहे ते सांगत होती. चौथ्या दिवशी माझ्या हातून दोन चमचे पाणी पिऊन ती गेली.

मी मुलाला म्हणालो, "तिला हितंच यायचं होतं रं." तो उठला, आणि माझ्याशेजारी येऊन बसला.