इथे कोणी वैभवी राहत नाही

आखातातल्या इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये वैभवी दोन वर्षं राहिली, पण भाडेकरारावर तिचं नाव कधीच नव्हतं. फ्लॅट उपेंद्रने भाड्याने घेतलेला. एका खोलीत तो आणि त्याची बायको मंजुषा, हॉलमध्ये त्याची आई मनोरमाकाकू, आणि दुसरी खोली वैभवी आणि तिचा नवरा चारुदत्त यांना दिलेली. असं शेअरिंग बेकायदा. तरी अर्धी इमारत असंच राहते आणि बेल वाजली की दबकते.

वैभवी पुण्याची, बत्तीस वर्षांची, मॅरेथॉन पळणारी. लग्नानंतर सासरच्यांनी ‘आता पुरे’ म्हटलं, तेव्हा हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उन्हाळ्यात साडेतीनला उठून पळायची, कारण सहानंतर इथलं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. त्या वर्षी तिने आयुष्यातली सगळ्यांत चांगली वेळ दिली आणि आशियाई स्पर्धेच्या संघात तिचं नाव लागलं. पंधरा वर्षं ती याच एका गोष्टीसाठी पळाली होती.

अशा खेळाडूला रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो: मी अमुक वेळी अमुक ठिकाणी सापडेन. त्या तासात कधीही उत्तेजक तपासणीवाले येतात. वैभवीचा तास सकाळी सहा ते सात, पत्ता याच फ्लॅटचा. वर्षात तीनदा सापडली नाही तर दोन वर्षं बंदी. दोनदा झालं होतं. एकदा करामा भागातलं आधीचं घर सोडल्यावर ॲपवर जुनाच पत्ता राहिला, एकदा वडिलांच्या आजारपणात ती घाईने पुण्याला गेली. दोन्ही चुका तिच्याच होत्या आणि ती तसं कबूलही करायची.

मनोरमाकाकू मात्र साध्या. आल्या आल्या त्यांनी वॉचमनला कौतुकाने सांगून टाकलं, “हम पाच लोग रहते है!” घरात नुसता भूकंप. उपेंद्र आईवर ओरडला, मंजुषा रडली. शेवटी पालिकेचा इन्स्पेक्टर आला तर काय सांगायचं, हे त्यांना शिकवायचं काम वैभवीने घेतलं. नाचणीची भाकरी भाजता भाजता रोज तालीम.

“काकू, मी इन्स्पेक्टर. वैभवी है?”

“नो वैभवी. ओन्ली फॅमिली.”

“घाबरायचं नाही. आणि दार लगेच बंद!”

पंधरा दिवसांत काकू तयार झाल्या. शिकवावं तर वैभवीनेच.

संघ निघायला तीन आठवडे होते. बत्तीस किलोमीटर पळून वैभवी पावणेसहाला आली, अंघोळ करून एसी लावला आणि मेल्यासारखी झोपली. बाकीचे कामावर निघून गेले होते. सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात शहनाझ नावाची तपासनीस, गळ्यात ओळखपत्र.

“वैभवी है?”

“नो वैभवी. ओन्ली फॅमिली.” दार बंद.

बाई प्रामाणिक होती, सातपर्यंत जिन्यात थांबली. आणखी दोनदा बेल वाजवली. काकू पाय न वाजवता दाराशी उभ्या राहिल्या. वैभवीला उठवायचं त्यांच्या मनातही आलं नाही, पोर दमून झोपली होती.

आठ वाजता काकूंनी चहा देत सांगितलं, “आज इन्स्पेक्टरीण आली होती गं. तीनदा! पण मी दाद दिली नाही.”

वैभवीने फोन उघडला. तिसऱ्यांदा न सापडल्याची मेल आलेली होती. काकू शाबासकीची वाट पाहत समोरच बसून राहिल्या.

आता एकच उपाय होता. उपेंद्रने लिहून द्यायचं की ती इथेच राहते, त्या वेळी घरात होती.

“वहिनी, बी प्रॅक्टिकल,” उपेंद्र म्हणाला. “लेटर दिलं की लँडलॉर्ड मला बाहेर काढणार. वर फाइन. ऑफिशियली तुम्ही इथे राहतच नाही ना!”

चारुदत्त खाली मान घालून बसला होता. “खलास झालं, वैभवी. आपल्यालाही राहायला जागा हवी.” नवऱ्याचं हे वाक्य तिला बंदीपेक्षा जास्त लागलं.

बंदी आलीच. पुण्यातल्या पेपरात फोटो आला, वर ‘उत्तेजक’ हा शब्द ठळक. खालचं कोण वाचतो? वडिलांनी कॉलनीत फिरायला जाणं सोडलं. संघात तिच्या जागी गेलेली मुलगी तिच्यापेक्षा चार मिनिटांनी मागे असायची.

बंदीतही तपासणी सुटत नाही. म्हणून वैभवी रोज सहाला दाराशी खुर्ची टाकून बसू लागली. स्पर्धेच्या दिवशीही बसली होती. शर्यत सुरू व्हायला पाऊण तास असताना बेल वाजली. तिने पहिल्याच बेलला दार उघडलं. शहनाझच होती. तिने वैभवीचा पासपोर्ट पाहिला, मग दारावरचा नंबर पुन्हा एकदा पाहिला. नमुना भरला, बाटल्या सील झाल्या, सह्या झाल्या.

हॉलमध्ये काकू चेहरा पाडून उभ्या होत्या. “अगं, तू कशाला उघडलंस? मी होते ना!”

तीन आठवड्यांनी अहवाल आला. काहीही आढळलं नाही.