मिस्त्रींची चूक

मोखाड्यात मिस्त्रींच्या गॅरेजसमोर कुणीही, काहीही घेऊन थांबलं, की ते मान वर न करता विचारायचे, "तेल?" मोटरसायकलवाल्याला विचारायचे, जीपवाल्याला विचारायचे. तहसील कचेरीत नव्याने आलेल्या एका कारकुनाने सायकलची चेन बसवायला आणली, तर त्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "खोबरेल चालेल का?" त्यावर गावाने आठवडाभर करमणूक करून घेतली. मिस्त्री हसले नाहीत. "विचारलेलं बरं," एवढंच म्हणाले.

गॅरेजला पाटी नव्हती. एका निवडणुकीच्या आधी एका इच्छुकाने त्यांना फुकट फ्लेक्स करून दिला. त्यात गॅरेजचं नाव कोपऱ्यात होतं आणि हात जोडलेला इच्छुक उरलेल्या सगळ्या जागेत. मिस्त्रींनी तो जमिनीवर अंथरला आणि गाडीखाली शिरताना त्यावर आडवे पडू लागले. "पाठीला ओल लागत नाय," म्हणाले. इच्छुक पडला. फ्लेक्स पुढे बरीच वर्षं टिकला.

माझे वडील दर बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे चहा प्यायचे. वडील जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. पाड्यांवरचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. आपल्या जुन्या राजदूत मोटरसायकलवरून ते पार साखरशेतपर्यंत अडलेल्या गायी सोडवायला जात. एका संध्याकाळी मोखाड्याहून जव्हारला घरी येताना घाटात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि वडील पडले. उजवा गुडघा त्यानंतर वाकला नाही. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी टेबलामागे बसून, जनावरांऐवजी जनावरांच्या नोंदी तपासत काढली. कारण सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्या गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, आणि डॉक्टर ते घालायला विसरले. वडील स्वतःच ही गोष्ट हसत सांगायचे.

गाडी आमच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. मिस्त्री दर वर्षी म्हणायचे, "डाक्टर, गाडी आणा. उघडून बघू." वडील म्हणायचे, "बघू." मग दोघं चहा प्यायचे. मिस्त्रींची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, कप ठेवून आत निघून जायच्या. त्या दोघांच्या समोर त्या कधी थांबायच्या नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

वडील गेले तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. तेरा दिवस लोक येऊन वाईट वाटून घेत होते. त्यात माझी फारशी गरज नव्हती. काही महिन्यांनी शिरपामाळावर फोटो काढायला आलेल्या, जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्या मुंबईच्या मंडळींपैकी एकाने आमच्या पडवीत डोकावलं. "चालू करून द्या, घेतो," म्हणाला. मी गाडी टेम्पोत घालून मोखाड्याला नेली.

मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. त्या दिवशी त्यांनी "तेल?" विचारलं नाही. प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि वर चिंधी कोंबली.

"आता?" मी विचारलं.

"मुरू द्या."

"किती दिवस?"

"लोणच्याला विचारता का किती दिवस? मुरलं की कळतं."

मी दर रविवारी जात राहिलो. मिस्त्री गाडी गिअरमध्ये टाकून चाक पुढेमागे हलवायचे, केसभरसुद्धा जोर जास्त लावायचे नाहीत. सायलेन्सरमधून कुंभारमाशीची मातीची घरं निघाली, सीटच्या स्पंजातून उंदरांचा संसार. मिस्त्री प्रत्येक नट पुसून ताटलीत मांडत. तिसऱ्या रविवारी इंजिन हललं. चौथ्या रविवारी त्यांनी पिस्टन बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्याच्या एका अंगाला उभे ओरखडे होते, मांजराने बोचकारल्यासारखे.

"कोरडं चाललंय," ते म्हणाले.

"हो. बाबा तेल विसरले होते."

"मी विसरलो."

मी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"सर्व्हिसिंगला टाकली होती त्यांनी. पेट्रोल मीच भरलं. माझ्याकडं दोन कॅन असायचे, एक तेल घातलेलं, दुसरं पार्ट धुवायचं, साधं. धुवायचं भरलं. संध्याकाळी डाक्टर न्यायला आले. विचारलं की त्यांनी! 'मिस्त्री, तेल?' मी मान वर नाय केली. 'घातलंय' म्हणालो."

"मग बाबांना माहीत होतं."

"माहीत म्हणजे? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो मी, सांगायला. खाटेभोवती चार लोक बसलेले. मी तोंड उघडायच्या आत डाक्टर मोठ्यानं म्हणाले, 'या मिस्त्री, माझंच चुकलं, तेल विसरलो.' माझ्याकडं बघत म्हणाले. आता बोला! पाय मोडलेला माणूस असं म्हणतो, तिथं मी काय बोलू?"

"नंतर कधी?"

"नंतर चहा." त्यांनी पिस्टन माझ्या हातातून काढून घेतला. "दर बाजाराला चहा. विषय काढला की म्हणायचे, साखर जरा कमीच टाकत जा. भाऊ, तुमच्या वडलांनी माझ्यावर उपकार केले का माझं तोंड शिवलं, हे मला अजून कळलं नाय."

वडिलांच्या मोठेपणाच्या गोष्टी मी तेरा दिवस ऐकल्या होत्या. ही त्यांत नव्हती, आणि हीच एक मला खरी वाटली.

सिलिंडर बोअर करायला नाशिकला गेला, नवा पिस्टन आला. ज्या दिवशी गाडी जोडून झाली, त्या दिवशी बाजार होता. नवव्या किकला ती खोकली, अकराव्याला चालू झाली, आणि निळ्या धुरात मिरचीवाल्या बायका शिव्या देत पदर नाकाला लावून बसल्या. मिस्त्री हँडल धरून उभे होते. मी काहीतरी वाटण्याची वाट पाहिली. मग पेट्रोल जळतंय म्हणून गाडी बंद केली. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मुंबईकर गाडी घेऊन गेला. जाताना त्याने 'हेरिटेज' हा शब्द चार वेळा उच्चारला.

पुढच्या वर्षी मिस्त्री पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, तेल डॉक्टर विसरले नव्हते, मी विसरलो होतो. कुणीही विश्वास ठेवला नाही. "बघा, मेलेल्या माणसाची चूकही अंगावर घेतात," असं म्हणत लोक डोळे पुसून बाहेर पडायचे. मिस्त्री संतापायचे. त्या संतापालाही लोक विनय म्हणाले.

"भाऊ, तुम्ही सांगा," मी गेलो तेव्हा ते म्हणाले. "मुलगाच सांगतोय म्हटल्यावर ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

शोकसभेला नवा फ्लेक्स होता. त्यावर मिस्त्री इस्त्रीच्या शर्टात होते, जो त्यांचा नव्हता. प्रमुख वक्त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. दुसऱ्याची चूक आपल्या शिरावर घेणारी माणसं आता उरली नाहीत, असं ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे हात केला. "डॉक्टरांचे चिरंजीव इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी माइकपाशी गेलो. समोर पन्नासेक माणसं होती, सगळी हळहळायला बसलेली. पहिल्या रांगेत काकू होत्या. मिस्त्री कामाला पक्के होते, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या वडिलांची गाडी चालू करून दिली, असं म्हणालो. मग खाली आलो. दोन मिनिटांचं मौन पाऊण मिनिटात उरकलं.

निघताना काकूंच्या पाया पडायला वाकलो.

"नाय बोललात," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ते म्हणालेच होते. चांगल्या घरचा मुलगा आहे, नाय बोलायचा."