यजमानाच्या हातचा चहा

खोसियत-ओपांच्या फॉर्मवर बावीस प्रश्न होते. पहिले सहा सुरळीत जायचे. सातव्यापाशी घोडं अडायचं.

"पेशंटला स्वतःचा शर्ट स्वतः घालता येतो का?"

"कशाला घालतील ते?" घरातली सून डोळे मोठे करून विचारायची. "आम्ही मेलोय का?"

कोकंद शहरातल्या कुठल्याही गल्लीत जा, उत्तर हेच. मग आठवा प्रश्न, स्वतःच्या हाताने जेवता येतं का? "देवाने तीन सुना दिल्यात, ओपा." नववा, पाण्याचा तांब्या उचलता येतो का? तिथवर येईतो सून रुसलेली असायची आणि सासरा पांघरुणात तोंड घालून हसत असायचा.

ओपा म्हणजे ताई. सगळं शहर त्यांना ओपाच म्हणे, वयाने मोठी माणसंसुद्धा. एकतीस वर्षं त्यांनी अँब्युलन्सवर काढली होती. ज्याला त्यांनी कधी स्ट्रेचरवर घातलं नाही, त्याच्या निदान आईला तरी घातलं होतं. इतक्या वर्षांत ड्यूटीला उशीर नाही, कागदावर खाडाखोड नाही. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे डबे घासून चिठ्ठ्या लावून टाकल्या. तेव्हा त्यांचे पतीच म्हणाले, "बाई, कुठेतरी नोकरी बघ, नाहीतर उद्या माझ्या कपाळावर चिठ्ठी लावशील."

नोकरी दिली डॉक्टर फर्रुखनी. पक्षाघाताचा झटका आल्यावर जे साडेचार तासांच्या आत दवाखान्यात पोचले आणि ज्यांना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं, ते तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी कितपत सावरतात, याचं संशोधन ते करत होते. एकशेवीस पेशंट. घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम ओपांचं. शेवटी एकच आकडा लिहायचा, शून्य ते सहा. शून्य म्हणजे जणू आजार झालाच नव्हता, सहा म्हणजे माणूसच उरला नाही. मधले पाच आकडे ओपांच्या पेनात.

"बघायचं, विचारायचं, लिहायचं," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "शिकवायचं नाही. शिकवलंत की आकडा नासला."

ओपांना नियम आवडायचे. त्यांनी मान डोलावली.

जुलैमध्ये त्या सत्तेचाळीस नंबरच्या पेशंटकडे गेल्या. ताजिद्दिन-अका, म्हणजे ताजिद्दिनदादा, वय अडुसष्ट. पस्तीस वर्षं त्यांनी कालव्यावर पाटकऱ्याचं काम केलेलं. कुणाच्या बागेला कधी पाणी, हे ते ठरवायचे, आणि त्यावरून होणारी भांडणं त्यांच्याच अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, चहावर मिटायची. एप्रिलमध्ये एका सकाळी तोंड वाकडं झालं. थोरली सून मुहय्यो हुशार. एक क्षणही वाया न घालवता तिने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. दीड तासात इंजेक्शन मिळालं. पाय सुटला, जीभ सुटली. डॉक्टरांची खात्री होती, या पेशंटचा आकडा एक येणार, फार तर दोन.

मांडवाखाली कुणीच नव्हतं. अका आतल्या खोलीत, दारं लोटून.

"कसं वाटतंय, अका?"

"उत्तम. देवाची कृपा."

"उजवा हात?"

"तोही उत्तम. नुसता पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

मुहय्यो चमचा घेऊन बाजूला बसली होती. ओपा प्रश्न विचारत गेल्या, मुहय्यो उत्तरं देत गेली. शर्ट ती घालते, बटणं मधली सून लावते, जेवू धाकटी घालते. सासऱ्याला तिघींनी फुलासारखं जपलं होतं. गल्लीत त्यांची वाहवा होती.

"आणि पाहुणे? पूर्वी तर रीघ असायची."

मुहय्योने खाली बघितलं. अकाच बोलले. "पाहुण्याला चहा यजमानाने ओतायचा असतो, खोसियत. माझा उजवा हात गेला. डाव्याने पेला पुढे करू? त्यापेक्षा पाहुणाच नको."

एवढ्यात त्यांच्या डोक्यावरची टोपी उशीवरून घसरली. ती जमिनीवर पडायच्या आत त्यांनी पकडली. उजव्या हाताने. बोटं वाकडी वळली, पण वळली. अकांच्या ते लक्षातही आलं नाही. मुहय्योने चटकन टोपी काढून घेतली आणि नीट डोक्यावर ठेवली.

ओपांनी फॉर्मवर चार लिहिलं. चार म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवाचून चालत नाही. आकडा खरा होता आणि तरीही त्यांना तो लिहिताना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

"चार?" डॉक्टर फर्रुखनी कागद उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला खरा आकडा असेल. "स्कॅन किती स्वच्छ आहे त्यांचा! इंजेक्शन वेळेत दिलं. चार कसा?"

"हात आहे, डॉक्टर. वापरत नाहीत. वापरू देत नाहीत. व्यायामाचा कागद तुम्ही दिला होता ना? तो कॅलेंडरमागे टांगलाय, कोरा करकरीत. आणखी तीन महिने हात असाच राहिला तर आखडेल. मग इंजेक्शनच्या बापालाही सुटायचा नाही."

"त्या भागातल्या नर्सला सांगतो."

"तिच्याकडे चार मोहल्ले आहेत. ती नव्या वर्षात उगवेल."

"ओपा, तुम्ही काही बोलायचं नाही हां. तपासणाऱ्यानेच हात घातला तर सत्तेचाळीस नंबर संशोधनातून बाद करावा लागेल मला. एकेक पेशंट किती कष्टाने मिळालाय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही," ओपा म्हणाल्या आणि फाईल बंद करून सरळ कपाटात ठेवली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी चांगला रेशमी झगा घातला, तंदूरच्या दोन ताज्या रोट्या रुमालात बांधल्या आणि ताजिद्दिन-अकांच्या दारावर थाप मारली. फाईल घरी. पेनसुद्धा घरी.

"फॉर्म राहिला का काही?" मुहय्योने विचारलं.

"फॉर्म नाही. पाहुणी आलेय."

पाहुणी म्हटल्यावर दारातून परत पाठवायची सोय नव्हती. मांडवाखाली दस्तरखान, म्हणजे खाणं मांडायचं कापड, अंथरलं गेलं, जर्दाळू आले, साखरेचे खडे आले. अकांना दोघींनी धरून आणून लोडाशी टेकवलं. मुहय्योने किटलीतून हिरवा चहा ओतला आणि छातीवर हात ठेवून पेला ओपांपुढे धरला.

ओपांनी घेतला नाही. "तुझ्या हातचा रोज पिईन, पोरी. आज यजमानांच्या हातचा."

धाकटी सून स्वयंपाकघराच्या दारात थिजली.

"खोसियत," अका हळू म्हणाले, "माझी थट्टा करायला आलात?"

"मी तहानलेय, अका. उन्हातून दोन मैल चालत आलेय."

"डाव्या हाताने मी देणार नाही."

"मी डावा मागितला का?"

"सांडेल."

"सांडू दे. दस्तरखान तुमचं, धुणार सुना. माझं काय जातंय?"

अकांचा चेहरा लाल झाला. रागाने त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, म्हणजे खांद्यापासून ढकललाच, आणि किटलीच्या कानात बोटं अडकवली. मुहय्यो पुढे सरसावली. ओपांनी न बघता तिच्या झग्याचं टोक धरून तिला खाली बसवलं.

किटली हलली. तोटी पेल्याच्या उजवीकडे गेली, मग डावीकडे गेली. पहिला चहा जर्दाळूंना मिळाला, दुसरा साखरेला. तिसऱ्या वेळी पेल्यात पडला. दोन घोट, जेमतेम. अकांनी किटली टेकवली आणि ते धापा टाकत त्या दोन घोटांकडे बघत राहिले.

इथे पाहुण्याला पेला भरून देत नाहीत. भरला पेला म्हणजे प्या आणि निघा. थोडा ओतला की पाहुणा पुन्हा पेला पुढे करतो, यजमान पुन्हा ओततो, बसणं लांबतं. जितका थोडा चहा, तितका मान मोठा.

"बाई गं," ओपा म्हणाल्या. "इतका मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता."

अकांच्या तोंडातून आधी घोगरा आवाज निघाला. मग सगळ्यांना कळलं, ते हसतायत. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

ओपांनी दोन घोट संपवले आणि पेला पुढे केला. अकांनी ओतला. पुन्हा संपवला, पुन्हा पुढे. सातव्या पेल्याला अका म्हणाले, "तुमचं पोट आहे की कालवा?"

"पाणी सोडणारा तुमच्यासारखा असल्यावर काय!"

निघताना दारात मुहय्योचे डोळे भरले होते. "ओपा, लोक काय म्हणतील? तीन-तीन सुना आणि आजारी सासऱ्याला किटली उचलायला लावतात."

"लोकांना बोलाव की चहाला. तोंडात चहा असला की बोलणार कसे?" मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना दीड तासात इंजेक्शन मिळालं ते तुझ्यामुळे, पोरी. जीव तूच वाचवलास. आता हात वाचव. शर्टाची एक बाही तू घाल, एक त्यांना घालू दे. बटण लागेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहा. बघवत नसेल तर कांदा चीर."

सोमवारी ओपा डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. पण एकतीस वर्षांच्या कागदांवर खाडाखोड नव्हती, ती आता चोरून करायची नव्हती.

"सांगितलं होतं मी!" डॉक्टर उखडले. "पाहुणी म्हणून गेलात म्हणे! म्हणजे मी काय समजू?"

"बाद करा. चूक माझी आहे. पण फर्रुखजान," इथे ओपांनी डॉक्टरांना पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "मी पुन्हा तशीच वागेन, हेही लिहून ठेव."

डॉक्टरांनी सत्तेचाळीसवर तांबडी रेघ मारली. ओपांनी शेजारी सही केली. एकशेवीसचे एकशेएकोणीस झाले. ओपांना कामावरून काढलं नाही, कारण एवढ्या घरांत दुसऱ्या कुणाला दार उघडलं गेलं नसतं. पण दोन महिने डॉक्टर त्यांच्याशी फक्त फॉर्मपुरतं बोलत.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी मुहय्योला फोन करून कळवलं, ऑक्टोबरचा फॉर्म भरायला कुणी येणार नाही, नाव कमी झालंय. कारण तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना दार धाडकन उघडलं. दारात ताजिद्दिन-अका. टोपी, काळा कोट, कोटाची सगळी बटणं लावलेली, त्यातलं एक चुकीच्या काजात. मागून मुहय्यो धावत आलेली.

"माझं नाव कुणी कापलं?" अकांनी टेबलावर मूठ आपटली. उजवी. डॉक्टर मुठीकडेच बघत राहिले.

"अका, बसा आधी..."

"बसत नाही! बसमधून उभा आलोय. पस्तीस वर्षं मी कुणाची पाळी कापली नाही, कालवा आटला तेव्हासुद्धा. माझी पाळी कुणी कापली?"

"बरे झालात म्हणूनच कापलं," डॉक्टर म्हणाले, आणि हे किती विचित्र आहे ते त्यांनाच ऐकू आलं. "म्हणजे, आमच्या औषधाशिवाय आणखीही कशाने तरी बरे झालात. आम्ही फक्त औषध मोजतोय."

"मग तेही मोजा!"

"या संशोधनात नाही बसत ते."

"या वहीत नाही बसत तर दुसरी वही काढा. वह्यांचा दुष्काळ पडलाय?"

रांगेतले लोक हसले. भरलेले फॉर्म द्यायला आलेल्या ओपा भिंतीशी उभ्या होत्या, डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओपा छताकडे बघत होत्या.

"किती घरी जाता येईल तुम्हाला, ओपा?" डॉक्टरांनी विचारलं. "चहाला म्हणतोय मी. फॉर्मला दुसरं कुणी जाईल. शिकवणारा वेगळा, मोजणारा वेगळा. पेशंटही नवे घेऊ."

"आठवड्याला सहा घरं. त्याहून जास्त चहा माझ्याच्याने होणार नाही."

डॉक्टरांनी खणातून नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख टाकली. "अका, तुम्ही जुने पेशंट, यातही मोजता येणार नाही तुम्हाला. पण या कामाला सुरुवात तुमच्यापासून झाली, एवढं पहिल्या पानावर राहू दे. तुमच्या सहीने."

अकांनी पेन उचललं. ते बोटांतून निसटलं. पुन्हा उचललं. मुहय्योचा हात आपसूक पुढे गेला. मग तिनेच तो मागे घेतला आणि पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी राहिली. पहिलं अक्षर पानभर झालं. दुसऱ्याला बराच वेळ लागला.

रांगेतून एक बाई म्हणाली, "आजोबा, आमचा नंबर आज येईल का?"

"येईल, येईल," अका मान वर न करता म्हणाले. "पाच महिन्यांनी लिहितोय, थांबा की जरा."