टिप्या आत आला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल दौंडला लेकीच्या फ्लॅटमध्ये तिच्या कुत्र्याच्या नव्या पिल्लानं फरशीवर मुतलं आणि ती हसत फडकं घेऊन पुसायला बसली. तो उग्र वास नाकात गेला आणि मला गावी निमोण्यातला आमचा कुत्रा टिप्या आठवला.

टिप्या घरात मुतला की मी त्याला शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळीच्या तुकड्यानं मारायचो. एकदा तर त्याचं नाक फरशीवर घासून, तोंडातून रक्त येईपर्यंत झोडपलं. बायको ओरडली, "आवं, मरंल ना ते!" मी म्हणालो, "शिकल्याबिगर सोडत न्हाई." तो शिकला. पुन्हा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही.

पुढं एका संध्याकाळी उसातला बिबट्या अंगणात शिरला. मी दारातून ओरडत होतो, "टिप्या, आत ये!" तो उंबऱ्यापर्यंत धावत आला, माझ्याकडं बघून थांबला आणि थरथरत तिथंच मुतला. बिबट्यानं माझ्या डोळ्यांदेखत त्याची मान धरून त्याला ओढत नेलं.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. "पप्पा, फाटक मीच उघडं ठेवलं व्हतं," म्हणून ती रडत राहिली आणि मी गप्प बसलो. अजून ती स्वतःलाच दोष देते. टिप्या माझ्या माराच्या भीतीनं बाहेर थांबला, हे तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.